धावपट्टी हवेत सुरू होते

२७ नोव्हेंबर २०२२, रविवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात गेदर्सबर्ग परिसरावर धुके उतरले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हाइट प्लेन्सहून निघालेले एका इंजिनाचे मूनी विमान माँटगोमेरी काउंटी एअरपार्क या छोट्या विमानतळाकडे येत होते. आत दोघेच होते, वैमानिक आणि एक प्रवासी. धावपट्टी अजून सुमारे दोन किलोमीटर दूर असताना विमान उच्चदाबाच्या वीजवाहिनीच्या मनोऱ्यावर आदळले आणि तिथेच अडकले. जमिनीपासून साधारण शंभर फूट वर, मनोऱ्याच्या लोखंडी सांगाड्यात नाक खुपसून ते लटकत राहिले. आसपासच्या हजारो घरांची वीज गेली.

दोघेही जिवंत होते, पण त्यांना हात लावता येत नव्हता. आधी वाहिन्यांमधली वीज बंद करून त्या जमिनीशी जोडायच्या होत्या. मग विमान साखळदंडाने मनोऱ्याला बांधायचे होते, कारण एक माणूस बाहेर पडताच तोल बिघडून सगळे खाली कोसळण्याची भीती होती. या सगळ्यात जवळजवळ सात तास गेले. मध्यरात्र उलटल्यावर दोघांना खाली आणले गेले. थंडीने ते गारठले होते, जखमाही होत्या, पण जीव वाचला.

तपासात जे पुढे आले त्यात गूढ असे काही नव्हते. धुक्यात उपकरणांच्या भरवशावर उतरताना कोणत्या टप्प्यावर किती उंचीच्या खाली जायचे नाही, हे नकाशावर छापलेले असते. हे विमान त्या उंचीच्या खाली वेळेआधीच गेले होते. मनोरा वर्षानुवर्षे तिथेच उभा होता. नकाशातली किमान उंची पाळली असती, तर विमान त्याच्या डोक्यावरून सुखरूप गेले असते.

छोट्या विमानांच्या अपघाताची बातमी आली की लोकांची पहिली शंका इंजिनावर जाते. उतरतानाच्या अपघातांत मात्र इंजिन अनेकदा ठणठणीत असते. आडवी येते ती उंची, वैमानिकाला जितकी आहे असे वाटत होते त्यापेक्षा कमी असलेली. धावपट्टीच्या कुंपणाबाहेर उभे असलेले झाड, तार, देवळाचा कळस, टेकडी किंवा रस्त्यावरून जाणारी मोटार हा प्रश्न तेव्हा जीवनमरणाचा होतो.

याचे गणित शाळकरी आहे. विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून धावपट्टीकडे येते. तीन अंश म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटरपेक्षा थोडे जास्त खाली. उलटा हिशेब केला, तर एक मीटर उंची उतरायला एकोणीस मीटर अंतर लागते. धावपट्टीच्या तोंडाशी, ज्याला वैमानिक थ्रेशोल्ड म्हणतात तिथे, विमान पन्नास फुटांवर असावे असा संकेत आहे. विमानाच्या माहितीपुस्तिकेतले उतरण्याचे अंतरही पन्नास फुटांचा अडथळा ओलांडला असे धरूनच दिलेले असते.

जगभरच्या फ्लाइंग क्लबांत शिकवणीसाठी वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२ एस या चार आसनी विमानाचे आकडे पाहावेत. समुद्रसपाटीला, वारा नसताना, कोरड्या डांबरी धावपट्टीवर आखूड उतरणीच्या पद्धतीने चाके टेकल्यापासून थांबेपर्यंत त्याला ५७५ फूट लागतात. पन्नास फुटांचा अडथळा ओलांडून थांबायचे तर १,३३५ फूट. म्हणजे ७६० फूट, एकूण अंतराच्या निम्म्याहून जास्त, चाके जमिनीला लागण्याआधीच खर्च होतात. धावपट्टीची लांबी विचारणारा माणूस डांबराची लांबी विचारत असतो. वैमानिकाचा हिशेब त्याआधीच, हवेत सुरू झालेला असतो.

म्हणून थ्रेशोल्डपाशी एखादे झाड एका पावसाळ्यात एक मीटर वाढले, तर कागदावर धावपट्टी तेवढीच राहते, वापरायला मात्र एकोणीस मीटरने आखूड होते. दहा मीटरचा मोबाइल टॉवर उभा राहिला तर एकशे नव्वद मीटर गेले. आठशे मीटरच्या पट्टीवर हा जवळजवळ चौथा हिस्सा झाला. कित्येक जुन्या पट्ट्यांवर सुरुवातीच्या डांबरावर पांढरे बाण रंगवलेले दिसतात आणि चाके टेकण्याची हद्द पुढे सरकवलेली असते. अलीकडे काहीतरी उंच उभे आहे, ते हटवता आलेले नाही, हे त्याचे नेहमीचे कारण.

वाऱ्याचा हिशेबही याच पुस्तिकेत आहे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने तो पाठ करावा असा आहे. समोरून नऊ नॉट वारा असेल तर अंतर दहा टक्के कमी होते. पाठीमागून मात्र अवघा दोन नॉट वारा अंतर दहा टक्के वाढवतो. कोरड्या गवताची पट्टी असेल तर जमिनीवरच्या धावेत पंचेचाळीस टक्के भर. वेग दहा टक्के जास्त राहिला तर थांबवायची ऊर्जा एकवीस टक्के जास्त. यातली एकेक चूक बहुतेक वेळा पचून जाते. उंच झाड, मागचा वारा आणि वाढीव वेग तिन्ही एकत्र आले की पट्टी संपते.

हे सगळे गणित एकाच ठिकाणी पाहायचे तर नेपाळमधल्या लुकलाला जावे लागते. एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघणारी पुण्यामुंबईची, नाशिकची ट्रेकर मंडळी ज्या छोट्या विमानातून डोंगरात उतरतात ते हेच ठिकाण. त्यांच्या मोबाइलमध्ये या उतरणीचा व्हिडिओ हमखास असतो. समोर काळा कडा, त्याच्या पायथ्याशी डांबराचा एक तुकडा, आणि चाके टेकताच विमानात उठणाऱ्या टाळ्या.

समुद्रसपाटीपासून २,८४५ मीटर उंचीवर ५२७ मीटर लांबीची ही धावपट्टी आहे. एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने १९६४ मध्ये ती बांधली गेली. खालच्या सपाट शेतजमिनी द्यायला शेतकरी तयार नव्हते, म्हणून उतारावरची जागा पत्करावी लागली. माती घट्ट बसावी म्हणून हिलरींनी शेर्पांना स्थानिक दारू पाजून तिथे पाय आपटत नाचायला लावले, असे सांगतात. डांबर पडले ते २००१ मध्ये, आणि तेनझिंग-हिलरी हे नाव मिळाले २००८ मध्ये. खालच्या टोकाला खोल दरी, वरच्या टोकाला डोंगर. त्यामुळे विमाने उतरतात ती फक्त चढाच्या दिशेने आणि उडतात ती फक्त उताराच्या दिशेने.

या पट्टीला ११.७ टक्के चढ आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सुमारे साठ मीटर उंच जाते. तो चढच विमानाला थांबवायला मदत करतो. ताशी सव्वाशे किलोमीटर वेगाने वर धावणाऱ्या वस्तूची सगळी ऊर्जा साठ मीटर चढण्यातच संपते. इतक्या आखूड पट्टीवर ट्विन ऑटर आणि डॉर्नियर विमाने उतरू शकतात त्यामागे ब्रेकइतकाच या चढाचा हात आहे.

पण हाच चढ डोळ्यांना फसवतो. वैमानिकाच्या मनात धावपट्टीचे एक चित्र पक्के बसलेले असते. तीन अंशांवरून पाहिलेली सपाट पट्टी कशी दिसते, हे शेकडो उतरणींतून त्याच्या नजरेत मुरलेले असते. लुकलाची पट्टी पावणेसात अंशांनी वर झुकलेली आहे. तिच्याकडे तीन अंशांवरून आले तर ती पावणेदहा अंशांवरून पाहिल्यासारखी, उभी आणि लांबट दिसते. नजर सांगते, आपण फार उंच आहोत, खाली घ्या. ओळखीचे चित्र दिसेपर्यंत खाली यायचे म्हटले, तर विमान चाके टेकायच्या जागेपेक्षाही खालच्या पातळीवर जाईल, म्हणजे थेट दरीच्या भिंतीसमोर. लुकलाला जाणाऱ्या कॅप्टनला वेगळे प्रशिक्षण आणि आधीचा डोंगरी अनुभव लागतो, त्याचे हे एक मोठे कारण.

त्यात उंचीवरची हवा विरळ. लुकलाला हवेची घनता समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांश भरते. वेगाच्या काट्यावर नेहमीचा आकडा दिसत असताना विमान प्रत्यक्षात पंधरा टक्के जास्त वेगाने पुढे जात असते, आणि थांबवायची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढलेली असते. रेडिओच्या खुणांवरून धुक्यात उतरवणारी यंत्रणा तिथे नाही. पट्टी डोळ्यांनी दिसली तर उतरायचे. बहुतेक विमाने सकाळच्या वेळात उडतात, कारण दिवस चढेल तसे ढग आणि वारे दरीत शिरतात.

८ ऑक्टोबर २००८ रोजी सकाळी काठमांडूहून निघालेले यती एअरलाइन्सचे ट्विन ऑटर लुकलाच्या जवळ आले तेव्हा धुके सरकत आले होते. विमान पट्टीच्या अगदी अलीकडे कमी उंचीवर आदळले आणि पेटले. एकोणीस जणांपैकी अठरा गेले. त्यांत बारा जर्मन आणि दोन ऑस्ट्रेलियन पर्यटक होते. एकटे कॅप्टन वाचले. काही मीटर उंची जास्त असती तर चाके डांबरावर आली असती.

२७ मे २०१७ रोजी समिट एअरचे एल-४१० जातीचे मालवाहू विमान आले तेव्हाही ढग खाली उतरत होते. शेवटच्या क्षणी आपण पट्टीच्या पातळीच्या खाली आहोत हे उमगल्यावर विमान वर खेचण्याचा प्रयत्न झाला. इंजिनांची पुरेशी ताकद पाठीशी नसताना नाक वर गेले, पंखांची हवेवरची पकड सुटली आणि विमान पट्टीच्या कडेखालच्या उतारावर आदळले. कॅप्टन आणि सहवैमानिक दोघेही दगावले.

या दुसऱ्या अपघातात जे झाले ते सपाट मैदानावरही होते, आणि छोट्या विमानांच्या बाबतीत तर फार वेळा होते. विमान फार खाली आले आहे, पट्टी अजून पुढे आहे, झाडांचे शेंडे काचेत वर सरकत आहेत. अशा वेळी हात आपोआप स्टिक मागे ओढतात. नाक वर गेले की विमानही वर जाईल असे शरीराला वाटते. पण वेग आधीच कमी असेल तर नाक वर करण्याने हवेचा अडसर वाढतो, वेग आणखी पडतो आणि विमान जास्त वेगाने खाली बसते. त्यावर उपाय म्हणजे आधी इंजिनाची पूर्ण ताकद आणि मगच चढ. इंजिनाला ताकद द्यायला आणि विमानाला तिचा उपयोग व्हायला काही सेकंद लागतात. ती सेकंदे झाडांच्या आधी उरलेली असावी लागतात, म्हणून निर्णय झाडांच्या बराच आधी घ्यावा लागतो.

त्यासाठीच गो-अराउंड असतो, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे. उतरण जमत नाही असे दिसताच सोडून द्यायची, चक्कर मारून परत यायचे. पाचशे फुटांपर्यंत वेग, उतार आणि दिशा जागेवर नसतील तर सोडायचे, असा दंडक अनेक प्रशिक्षक घालून देतात. यात कमीपणा काहीच नाही. खेद याचा वाटतो की वैमानिकाच्या कौशल्याचे कौतुक अजूनही ‘कसेही करून उतरवले’ याचेच जास्त होते. उतरणे सोडून दिल्याबद्दल शाबासकी देणारा प्रशिक्षक मिळणे ही विद्यार्थ्याची मोठी कमाई आहे. लुकलासारख्या जागी मात्र एका टप्प्यानंतर हा मार्गही बंद होतो, कारण पुढे डोंगर आहे. तिथे माघारीचा निर्णय दरीच्या तोंडाशीच व्हावा लागतो.

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट बार्थेलेमी या फ्रेंच बेटावर अडथळा धावपट्टीच्या तोंडावरच आहे. रेमी द हाएनेन यांनी १९४५ मध्ये तिथल्या गवताळ माळावर पहिल्यांदा विमान उतरवले, आणि आज विमानतळाला त्यांचेच नाव आहे. पट्टी सुमारे साडेसहाशे मीटरची, शेवटी समुद्रकिनारा. अलीकडच्या टोकाला मात्र टेकडीची खिंड, आणि खिंडीतून वाहनांचा रस्ता. विमाने रस्त्याच्या वरून इतक्या जवळून जातात की त्यांचा फोटो काढायला पर्यटक कठड्यापाशी गर्दी करतात. खिंड ओलांडताच विमानाला तीन अंशांहून कितीतरी तीव्र उतार धरून खाली यावे लागते, आणि त्या उतारावर वेग वाढू द्यायचा नसतो. फ्रेंच अधिकाऱ्यांनी इथे उतरायला वेगळा परवाना ठेवला आहे.

२४ मार्च २००१ रोजी एअर कॅराइब्सचे ट्विन ऑटर शेजारच्या सेंट मार्टिन बेटावरून इथे येत होते. खिंडीजवळ आल्यावर ते एकाएकी डावीकडे कलंडले आणि एका घरावर पडले. विमानातले सर्व एकोणीस आणि घरातला एक माणूस ठार झाला. फ्रेंच तपास संस्थेने सर्वांत संभवनीय कारण मांडले ते असे. कॅप्टनने शेवटच्या टप्प्यात उतरण सावरण्यासाठी पंख्यांची पाती अशा कोनात नेली, जो कोन फक्त जमिनीवर वापरायचा असतो. त्यातून बाहेर येताना दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहिली नाही आणि विमान ताब्यातून गेले. टेकडीला धडक बसली नव्हती. तरीही टेकडीमुळे आलेला तीव्र उतार आणि आखूड पट्टी यांनी ते धोकादायक हत्यार हातात घ्यायची वेळ आणली, असे वाटल्यावाचून राहत नाही.

रस्त्याचा धोका टेक्सासनेही पाहिला. २०१२ मध्ये तिथल्या रोआनोकच्या छोट्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानाचे चाक थ्रेशोल्डला लागून असलेल्या रस्त्यावरच्या मोटारीला थडकले. कोणी दगावले नाही. पण झाड निदान जागचे हलत नाही, मोटार कधी येईल ते ना वैमानिकाला ठाऊक ना चालकाला.

आपल्याकडे ५ जानेवारी २०२३ च्या रात्री मध्य प्रदेशातल्या रीव्याजवळ, चोरहटा धावपट्टीच्या परिसरातल्या उमरी गावात एक प्रशिक्षण विमान धुक्यात देवळाच्या शिखराला आणि विजेच्या तारांना थडकून कोसळले. प्रशिक्षक वैमानिक गेले, विद्यार्थी जखमी झाला. त्याआधी २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाच्या बिरसी तळावरून उडालेले प्रशिक्षण विमान वैनगंगेवर आडव्या ताणलेल्या तारेला लागले आणि प्रशिक्षक व विद्यार्थिनी दोघेही दगावले. ते विमान उतरत नव्हते, नदीवरून खाली उडत होते. पण तार हा अडथळा किती वाईट, हे त्यातून कळते. वैमानिकांना तारेपेक्षा खांब शोधायला शिकवतात, कारण तार आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतच नाही. दोन खांब दिसले म्हणजे मध्ये तार आहे असे धरून चालायचे.

अडथळे किती उंच असू द्यायचे याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. सर्वांत आखूड वर्गातल्या, डोळ्यांनी उतरायच्या पट्टीसाठी थ्रेशोल्डच्या तीस मीटर अलीकडून एक कल्पित उतरते छप्पर सुरू होते. दर वीस मीटरला ते एक मीटर वर जाते आणि सोळाशे मीटरपर्यंत पसरते. या छपराच्या वर काहीही डोकावता कामा नये. म्हणजे पंधरा मीटरचे झाड थ्रेशोल्डपासून ३३० मीटरच्या आत चालत नाही. रात्रीसाठी आणि अनोळखी पट्टीसाठी बाजूला चार दिवे बसवतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतार बरोबर. चारही लाल दिसले तर विमान फार खाली आहे. अंधाऱ्या शेतांवरून पट्टीकडे येताना मध्ये एकही दिवा नसतो आणि उंचीचा अंदाज सपशेल चुकतो, तेव्हा हे चार दिवे जीव वाचवतात. छोट्या पट्ट्यांवर नेमके तेच नसतात.

उंची जास्त असली म्हणजे सुरक्षित, असाही समज करून घेऊ नये. २२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग थ्रेशोल्डवर पन्नासऐवजी सुमारे दोनशे फुटांवर होते, वेगही ठरल्यापेक्षा जास्त. ८,०३३ फुटांच्या पट्टीवर त्याची चाके ५,२०० फूट आत टेकली. विमान पट्टी ओलांडून दरीत गेले, १५८ माणसे गेली. ते मोठे विमान होते, पण एकास एकोणीसचे गणित सेसनाला आणि बोइंगला सारखेच लागू पडते.

मुंबईकरांना या गणिताची ओळख ‘फनेल झोन’ या नावाने आहे. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर भागांत विमानाच्या वाटेखाली आलेल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास उंचीच्या मर्यादेमुळे अडलेला आहे. गळक्या इमारतीत राहणाऱ्या माणसाला डोक्यावरच्या कल्पित छपरासाठी आपले घर का थांबावे, हा प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. त्याला मोबदला किंवा दुसरीकडे चटईक्षेत्र देण्याची जबाबदारी शासनाची आहे. पण छपराला भोक पाडणे हे त्यावरचे उत्तर नाही. २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार विमानतळांभोवती रंगीत नकाशे आखून कुठे किती उंची चालेल ते ठरवले जाते. अडथळा ठरणारी इमारत वा झाड पाडण्याची तरतूद १९९४ च्या नियमांत आहे. तरीही ४८ इमारतींच्या उंचीबाबत विमान वाहतूक महासंचालनालयाने दिलेले आदेश अमलात आणा, असे मुंबई उच्च न्यायालयाला २०२२ मध्ये उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना सांगावे लागले.

मुंबईच्या प्रश्नाला निदान न्यायालय आहे, वर्तमानपत्रे आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या पट्ट्यांवर विद्यार्थी पहिली एकट्याची उतरण करतात, तिथे कुंपणाबाहेरच्या बाभळी, निलगिरी आणि नवे टॉवर मोजायला सहसा कोणी जात नाही. दर पावसाळ्यानंतर थ्रेशोल्डपासून सोळाशे मीटरपर्यंतचा अडथळ्यांचा तक्ता नव्याने व्हावा. तो फ्लाइंग स्कूलच्या ब्रीफिंगच्या खोलीत आणि शेजारच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर, दोन्हीकडे लावला जावा. शेताच्या बांधावरचे कोणते झाड किती वाढले की विमानाच्या वाटेत येते, आणि ते तोडायला सांगितले तर भरपाई कोण देणार, हे शेतकऱ्याला त्या फलकावरच वाचता आले पाहिजे.